एकाच झाडाचं अत्तर: दक्षिण फ्रान्सच्या कडू संत्र्यापासून

फ्रेंच वनस्पतिज अत्तराची प्रेरणा बहुतेकदा अगदी नेमकी असते: एखादं झाड, एखादी टेकडी, दिवसाची ठरावीक वेळ. ते करून पाहायचं असेल तर कडू संत्र्यापासून सुरुवात करावी. ग्रास आणि व्हालोरीसच्या परिसरात त्याची फुलं एप्रिलअखेरीस आणि मे महिन्यात वेचतात. त्या फुलांचं वाफेवर ऊर्ध्वपातन केलं की नेरोली मिळतं. साधारण टनभर फुलांमागे किलोभर, म्हणून ते इतकं महाग. द्रावक वापरून त्याच फुलांचा अर्क काढला तर संत्रफुलाचं ॲब्सोल्युट हाती येतं, आणि पानं व कोवळ्या डहाळ्यांचं ऊर्ध्वपातन केलं की पेटीग्रेन. नेरोली हलकं आणि हिरवट, ॲब्सोल्युट मधासारखं दाट, तर पेटीग्रेन कडवट आणि कोरडं. तिन्ही एकत्र आली की फुलांनी लगडलेलं अख्खं झाड उभं राहतं. नुसतं नेरोली वापरलं तर फुलदाणीतली फांदी वाटते.

झाडामागे टेकडी हवी. त्यासाठी लॅव्हेंडर, क्लॅरी सेज ही सुगंधी वनस्पती आणि भूमध्य सागरकाठच्या झुडपातून येणारी चिकट राळ, म्हणजे लॅब्डेनम. लॅव्हेंडर खरं तर उन्हाळ्यात फुलतं, म्हणजे संत्र्याचा बहर ओसरल्यावर. दोघांची गाठ अत्तरातच पडते.

पुढचं प्रमाण 20 ग्रॅम अत्तराचं आहे. थेंब मोजू नका. दाट अर्काचा थेंब आणि पातळ तेलाचा थेंब यांचं वजन सारखं नसतं. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या.

बेंझोइन (सुगंधी राळ, अल्कोहोलात 50%) – 0.10 ग्रॅम
लॅब्डेनम ॲब्सोल्युट (10% द्रावण) – 0.10
ॲटलास सीडर (लाकडाचं तेल) – 0.10
संत्रफुलाचं ॲब्सोल्युट (10% द्रावण) – 0.10
नेरोली – 0.30
क्लॅरी सेज – 0.20
लॅव्हेंडर – 0.30
पेटीग्रेन – 0.40
बर्गमॉट (लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल, बर्गाप्टेन काढलेलं) – 0.80

याच क्रमाने गडद काचेच्या बाटलीत वजन करा. चिकट पदार्थ आधी गेले की नंतरची पातळ तेलं त्यांना सोडवून घेतात. प्रत्येक पदार्थाला वेगळा ड्रॉपर वापरा. बाटली हळूच फिरवून मिसळा आणि आठवडाभर अंधारात ठेवा.

बर्गमॉटच्या बाबतीत तडजोड नको. साध्या दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन असतं. ते लावलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे डाग पडतात. अंगावर राहणाऱ्या अत्तरात अशा तेलाची मर्यादा 0.4% आहे, म्हणजे 20 ग्रॅममध्ये जेमतेम 0.08 ग्रॅम. इथे आपण त्याच्या दहापट घेतोय.

लॅव्हेंडर घेताना बाटलीवरचं लॅटिन नाव वाचा. लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया हवं. दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्सच्या उंच पठारांवरचं सर्वांत मऊ. लॅव्हेंडिन हा संकर स्वस्त असतो, पण त्यात कापूर इतका चढतो की संत्रफूल पार बुजून जातं.

आठवड्याने 17.6 ग्रॅम 96% इथेनॉल (अल्कोहोल) घाला. आयसोप्रोपिल अल्कोहोल चालत नाही, त्याचा स्वतःचा वास मधे येतो. इथेनॉल चटकन पेट घेतं, तेव्हा जवळ ज्योत नको. निदान 4 आठवडे थंड अंधाऱ्या जागी मुरू द्या; ताज्या मिश्रणात अल्कोहोलचा दर्प आणि पेटीग्रेनचा कडवटपणा वेगवेगळे टोचतात, ते मुरल्यावर निवतात. मग दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून थंड असतानाच कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा. ॲब्सोल्युटमधलं मेण गारव्याने खाली बसतं. कोमट झाल्यावर गाळलंत तर ते पुन्हा विरघळून बाटलीत जाईल.

परीक्षा कागदी पट्टीवर घ्या: 5 मिनिटांनी, अर्ध्या तासाने, 4 तासांनी आणि दुसऱ्या दिवशी. पहिल्या वासावर निकाल देऊ नका, तेव्हा फक्त बर्गमॉट बोलत असतं. अर्ध्या तासाने झाड दिसायला हवं. तेव्हा साबणासारखा वास आला तर पुढच्या खेपेला लॅव्हेंडर 0.20 करा आणि उरलेलं 0.10 पेटीग्रेनला द्या. चार तासांनी चामड्यासारखा जड वास उरला तर लॅब्डेनम जास्त झालाय. पूर्ण वनस्पतिज अत्तर त्वचेवर काही तासच टिकतं. ते वाढवण्यासाठी राळ घालत गेलात तर फुलांचा जीव जातो. दुपारी पुन्हा लावणं हाच चांगला उपाय.

मिश्रण ढगाळ दिसलं तर अल्कोहोलमध्ये पाणी जास्त आहे. रंग हळूहळू गडद होणं मात्र स्वाभाविक आहे, संत्रफुलातल्या घटकांमुळे तसं होतं. टर्पेंटाइनची आठवण यायला लागली तर बर्गमॉट हवेने खराब झालंय आणि अशा अत्तराने त्वचेला खाज सुटू शकते, ते टाकून द्या. म्हणूनच बर्गमॉटची अर्धी झालेली बाटली तशीच न ठेवता लहान बाटलीत काठोकाठ ओतून फ्रीजमध्ये ठेवावी.