एकच संकेतस्थळ उघडत नाही? या चुका टाळा

घरातले बाकी सारे इंटरनेट सुरळीत चालू असताना एखादेच संकेतस्थळ उघडेनासे झाले, की बहुतेक जण आधी राउटरच्या मागचे बारीक छिद्र शोधतात आणि त्यात टाचणी घालून राउटर रिसेट करतात. या एका घाईने जितकी घरे विनाकारण इंटरनेटविना बसलेली मी पाहिली आहेत, तितकी दुसऱ्या कशानेही नाहीत. इतर संकेतस्थळे उघडत आहेत, याचाच अर्थ तार तुटलेली नाही आणि राउटर बंद पडलेला नाही. रिसेटने मात्र पीपीपीओईचे, म्हणजे सेवादात्याकडे लॉगिन करून जोडणी घेण्याच्या पद्धतीचे, युजरनेम व पासवर्ड आणि काही फायबर जोडण्यांना लागणारा व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेवरच्या वेगवेगळ्या जाळ्यांची ओळख सांगणारा आकडा) पुसला जातो, आणि ही माहिती कागदावर उतरवून ठेवलेले घर विरळाच. राउटर बंद करून पुन्हा चालू करण्यास माझी हरकत नाही; रिसेटला आहे.

मी स्वतः काहीही बदलण्यापूर्वी मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच संकेतस्थळ उघडून पाहतो. तिथेही उघडले नाही, तर बहुधा दोष संकेतस्थळाकडेच असतो आणि थांबणे हाच उपाय. तिथे उघडले, तर घरातल्या दुसऱ्या उपकरणावर त्याच वायफायवरून पाहतो. एकाच लॅपटॉपवर अडत असेल, तर व्हीपीएन (दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे नेट वळवणारी सेवा), जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन, होस्ट्स फाइल (संकेतस्थळांचे पत्ते लिहिलेली संगणकातली यादी) आणि घड्याळ तपासावे. राउटरला हातही लावू नये.

दुसरी चूक म्हणजे एकामागून एक बदल करत जाणे आणि आधीचा बदल पूर्ववत न करणे. एका परिचितांच्या घरी बँकेचे संकेतस्थळ उघडत नव्हते. पान पांढरेच राही आणि चक्र फिरत राही. मी पोहोचेपर्यंत त्यांनी डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारी सेवा) बदलला होता, अँटिव्हायरस काढून टाकला होता आणि ब्राउझरही नव्याने बसवला होता, त्यामुळे मूळ दोष कोणता आणि नंतरची भर कोणती, हेच आधी निवडावे लागले. संकेतस्थळाचा अंकी पत्ता बरोबर मिळत होता, जोडणीही सुरू होत होती. मग पॅकेटचे, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्याचे, तुकडे न करण्याची अट घालून पिंग केले (समोरच्या यंत्राला हाक देऊन उत्तराची वाट पाहिली), तेव्हा १४६४ बाइटचे पॅकेट गेले आणि १४७२ चे अडकले; वरच्या २८ बाइटच्या वेष्टनासह ती १४९२ आणि १५०० होतात. इथरनेटवरचे पॅकेट १५०० बाइटपर्यंतचे असते, पण पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेते, म्हणून १४९२ उरतात. वेग वाढवण्याचा कुठलासा व्हिडिओ पाहून त्या घरात राउटरचा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, १५०० करून ठेवला होता. ‘पॅकेट लहान करा’ अशी सूचना वाटेतून आली, की बहुतेक सर्व्हर ती पाळतात. काहींच्या फायरवॉलमध्ये मात्र ती सूचनाच अडवली जाते, आणि असा सर्व्हर तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. लहान पॅकेट निर्वेध जातात, पहिल्या मोठ्या तुकड्यापाशी, म्हणजे बहुधा संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्रापाशी, सारे थांबते. एमटीयू १४९२ केल्यावर पान लगेच उघडले. वेग वाढवण्याच्या अशा युक्त्यांवर माझा विश्वास नाही आणि कारण न समजता राउटरमधला कोणताही आकडा बदलू नये, असे माझे ठाम मत आहे.

डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ घालणे हा सर्व रोगांवरचा उपाय नव्हे. एनएसलुकअप या संगणकातल्या आज्ञेने आधी आपल्या डीएनएस सर्व्हरला आणि मग १.१.१.१ या क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक डीएनएसला त्याच नावाचा पत्ता विचारावा. दोन्हींकडून एकच उत्तर आले, तर दोष डीएनएसमध्ये नाही. उत्तरे वेगळी आली म्हणूनही लगेच निष्कर्ष काढू नये, कारण मोठी संकेतस्थळे ठिकाणानुसार वेगवेगळे पत्ते देतात.

पिंगला उत्तर आले नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असे समजू नये. अनेक सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद करून पाहावे, पण तपासणीपुरतेच. उपकरणाची तारीख चुकली असेल, तर प्रमाणपत्र नाकारले जाते. जुन्या उपकरणांत तारीख बरोबर असूनही अडचण येते: ३० सप्टेंबर २०२१ रोजी मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या साखळीतले एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले, तेव्हा अनेक जुन्या उपकरणांवर काही निवडक संकेतस्थळे बंद पडली. भारतातली काही सरकारी संकेतस्थळे परदेशी पत्त्यांना दार उघडत नाहीत, त्यामुळे पुण्यात बसून परदेशी व्हीपीएन चालू ठेवणाऱ्यालाही ती बंदच दिसतात.

राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुमचा बाहेरचा पत्ता इतर ग्राहकांबरोबर वाटून घेतलेला आहे, आणि त्यांच्यापैकी एखाद्याच्या उपद्रवामुळे संकेतस्थळाने तो पत्ताच रोखलेला असू शकतो. हे घरात बसून सुटत नाही. सेवादात्याकडे तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच लिहू नये. संकेतस्थळाचे नाव, वेळ, आपला बाहेरचा पत्ता, एनएसलुकअप व ट्रेसरूटचे (पॅकेट कोणत्या वाटेने जाते ते दाखवणाऱ्या आज्ञेचे) निकाल आणि मोबाइल डेटावर ते उघडते की नाही, हे सारे पहिल्याच पत्रात द्यावे.