जैसलमेरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात मुलांना नेताना

डिसेंबर-जानेवारीत जा. पहाटे कडाक्याची थंडी असते आणि दुपारी ऊन चटका देतं, म्हणून मुलांना एकावर एक कपडे घाला. पाणी माणशी ३ लिटर तरी गाडीत ठेवा, वाटेत दुकानं मिळतीलच असं नाही. लोकरी मोजे मात्र टाळा: भुरट गवताची काटेरी बोंडं त्यात रुततात. ती बोटांनी उपटली की कुसळं कातडीत मोडतात, म्हणून बारीक कंगवा आणि चिमटा जवळ हवाच.

चाक वाळूत रुतलं तर ॲक्सिलरेटर दाबू नका, ते आणखी खोल जाईल. चाकापुढची वाळू उपसा, टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा आणि सावकाश सरळ बाहेर काढा. डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी हवा पुन्हा भरा. पंप सोबत असू द्या.

माळढोक दिसला तर गाडीतूनच, दुर्बिणीने पाहा. तो जमिनीवर अंडी घालतो, त्यामुळे ठरलेली वाट कधीच सोडू नका.