‘आपण’ म्हणणारा सरनौबत: क्रूर योद्धा कसा लिहावा

मी चादरीची डिझाइनं काढतो. ग्राफच्या कागदावर चौकोन भरायचे, त्यावरून जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, कार्डं पंच होतात आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या मागावर ती चादर होऊन बाहेर पडते. रात्री नऊनंतर मी माझी काळोखी अद्भुत कथामाला लिहितो. दोन भाग पुरे झालेत, तिसरा चालू आहे. त्यात तळकोटचा सरनौबत, म्हणजे सेनापती, हिवराळ आहे. लोकांना छळण्यात त्याला सुख वाटतं आणि रणात त्याला तोड नाही. नाव आमच्या माळावरच्या हिवरावरून घेतलं. त्या झाडाचे काटे लांब असतात आणि उन्हात दुरून चमकतात.

पहिल्या खर्ड्यात हिवराळने तीन प्रकरणांत ४१ माणसं मारली. ताईने शेंगा सोलता सोलता ते वाचलं आणि एवढंच विचारलं, “हा दमत कसा नाही रे?” त्या प्रश्नानंतर मी सगळं नव्याने लिहिलं. तुम्हाला असा खलनायक उभा करायचा असेल, तर मी कसं केलं ते सांगतो.

सुरुवात त्याच्या चवीपासून करा. ‘त्याला वेदना बघायला आवडतात’ हे फार मोघम झालं. नेमकं काय आवडतं? २०१३ साली बकल्स, जोन्स आणि पॉलहस या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना नकोशी कामं देऊन त्यांतलं एक निवडायला सांगितलं: किडे मारायचे, मारणाऱ्याला मदत करायची, संडास साफ करायचा, नाहीतर बर्फाच्या पाण्यात हात धरून ठेवायचा. किडे मारायला कॉफी दळायच्या यंत्रासारखं एक यंत्र होतं. आत आडोसा होता, त्यामुळे खरा किडा एकही मेला नाही. ज्यांनी मारणं निवडलं, त्यांच्यात परपीडेची आवड सगळ्यांत जास्त निघाली. मला त्यातला दुसरा भाग जास्त उपयोगी पडला. समोरच्या निरपराध माणसाला त्रास देता यावा म्हणून असे लोक आधी कंटाळवाणं काम करायलाही तयार झाले. म्हणजे क्रूर माणूस मेहनत घेतो. रागीट माणूस मेहनत घेत नाही, तो हाताला येईल ते फेकून मारतो. तुमचा खलनायक कशासाठी मेहनत घेतो ते एका ओळीत लिहून भिंतीला लावा. माझी ओळ अशी आहे: हिवराळला माणसाने मागितलेलं आवडतं. पाणी, दया, मरण, काहीही. पण मागायला हवं, आणि नीट शब्दांत मागायला हवं.

ही ओळ हाती आली आणि संवाद आपोआप बदलले. आधी माझा सरनौबत “मर, कुत्र्या!” असं ओरडायचा. आता तो कैद्याला म्हणतो, “आपण उभे का? बसा. गुडघा दुखत असेल आपला, कालपासून बघतोय मी.” कैदी बसतो. वाचकाला मात्र कळलेलं असतं की गुडघा हेरला गेला.

मराठीत लिहिणाऱ्याला हे फुकटात मिळालेलं हत्यार आहे, ते वापरा. आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे, आणि यातल्या कुठल्या पायरीवर कोण उभा आहे हे लहान मूलही ओळखतं. मी वहीत एक पान आखलं: हिवराळ कोणाला काय म्हणतो. सैनिकांना ‘बाळा’. बरोबरीच्या सरदारांना ‘तुम्ही’. कैद्यांना ‘आपण’. छळ जितका वाढतो तितका मान वाढत जातो. आधी ‘आपण’, मग ‘आपण बसावं’, मग ‘आपली काय आज्ञा?’ वाचकाला त्या अदबीचीच धास्ती बसते. आता या हिशोबात एकच भेग ठेवा. दुसऱ्या भागाच्या शेवटी एक म्हातारा किल्लेदार काहीच मागत नाही. तीन दिवस नाही, चौथ्या दिवशीही नाही. तेव्हा हिवराळच्या तोंडून पहिल्यांदा निघतं, “तू बोल.” तलवार न उपसता तिथे तो हरलेला असतो. कैद्याशी बोलताना हे ‘तू’ आधी एकदा जरी कुठे सांडलं असेल, तर हा प्रसंग गेला. छापण्याआधी हिवराळचं प्रत्येक वाक्य फक्त याच एका गोष्टीसाठी वाचून काढा.

मग योद्धा. इथे ताईचा प्रश्न. मी हिवराळच्या हाती दांडपट्टा दिला होता, कारण तो दिसायला भारी. नंतर त्याची रचना समजून घेतली. हात खोबळ्यात, म्हणजे लोखंडी हातमोज्यात जातो, आतली आडवी मूठ धरायची, मनगट वळत नाही; सगळा वार कोपरातून आणि खांद्यातून येतो. पातं लांब, लवचीक. मोकळ्या मैदानात चार जणांना लांब ठेवतं, अरुंद वाटेत अडकतं. आणि ज्या हातात पट्टा चढवला, त्या हाताने माणूस तांब्या उचलू शकत नाही, घाम पुसू शकत नाही. म्हणजे त्याला पाणी पाजायला कोणीतरी जवळ हवं. तिथून मला पाणक्या मिळाला. बारा वर्षांचं पोर, पाण्याची छोटी पखाल घेऊन सरनौबताच्या चार पावलं मागे. हत्यार असं निवडा, की त्यातून एखादं माणूस जन्माला येईल.

थकवा अंगाने मोजा. साखळीचं चिलखत दहा किलोच्या घरात जातं. मी दोन पिशव्यांत पाच-पाच किलो मालदांडी ज्वारी भरली, खांद्यांवरून पुढे-मागे बांधली आणि मे महिन्यात भर दुपारी भुईकोट किल्ल्यात गेलो. आमच्याकडे त्या दिवसांत पारा ४३-४४ वरही जातो. दुहेरी तटाच्या मधल्या जागेत वारा नाही, दगड खालून भाजतो, आणि पलीकडे सिद्धेश्वर तलावाचं पाणी दिसतं पण हाती लागत नाही. अर्ध्या तासात माझ्यात राग उरला नाही, बोलायची इच्छा उरली नाही. तिथे बसून मी लिहिलं: हिवराळ लढाईत क्रूर नसतो. लढाईत तो फक्त काटकसरी असतो, एका माणसाला एक वार. क्रूरपणा संध्याकाळी, पट्टा उतरवल्यावर, खांदा चोळून घेताना, गूळ-पाणी पिऊन झाल्यावर. तोपर्यंत कैदी बांधलेले, ऊन उतरलेलं, वेळच वेळ.

रक्त किती दाखवायचं? याचं उत्तर मला महाभारताच्या सौप्तिकपर्वात सापडलं. रात्रीच्या छावणीत अश्वत्थामा झोपलेल्या धृष्टद्युम्नाला लाथेने उठवतो, केस धरून दाबतो. धृष्टद्युम्न म्हणतो, मला शस्त्राने मार, म्हणजे मला चांगली गती मिळेल. अश्वत्थामा नकार देतो आणि टाचांनी तुडवून मारतो. त्या रात्री किती माणसं कापली गेली, पण अंगावर काटा येतो तो या नकारावर. तुमच्या प्रसंगातही जखमा मोजू नका. बळी काय मागतोय आणि त्याला काय नाकारलं जातंय, ते शोधा. जखम एकच लिहा, नीट लिहा, आणि मग नजर पाणक्याकडे वळवा: त्याच्या हातातल्या वाटीतलं पाणी हलतंय.

चादरीचा ग्राफ मला हेच रोज शिकवतो. कार्डाला भोक असेल तिथे ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. सगळेच चौकोन भरले तर मोर दिसत नाही, नुसता एक रंग दिसतो. माझे ते ४१ खून म्हणजे पूर्ण भरलेला कागद होता. आता पहिल्या भागात ३ मृत्यू आहेत.

बालपणीच्या जखमेने त्याचं समर्थन करू नका. एखादी आठवण द्या, कारण देऊ नका.

आणि उसनं दुःख घेऊ नका. सोलापुरात १९३० साली मार्शल लॉ लागला होता. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या पुतळ्यांवरून मी रोज कामाला जातो. एका खर्ड्यात मी हिवराळकडून चार जणांना फाशी देवविली, तसाच क्रम, तशीच पहाट. महिनाभराने ते प्रकरण फाडून टाकलं. ज्या मरणाला शहर अजून हार घालतं, ते माझ्या खलनायकाच्या करमणुकीला वापरायचा मला हक्क नाही.

शेवटचं काम: मोठ्याने वाचा, आणि ज्याला अशा कथांची सवय नाही त्याला ऐकवा. मी तिसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण ताईला स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. ती कडक भाकरी मोडत शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, “हे पाणी घेऊन फिरायलाय ते पोरगं कोण? त्याला नाव नाही होय?”

नव्हतं. दोन भाग तो नुसता पाणक्या होता. मला तो प्रयोग पुन्हा आठवला. त्यात ज्या कपांत किडे ठेवले होते, त्यांवर नावं लिहिली होती: मफिन, आइक, टूट्सी. नाव असलं की मारणं जड जावं म्हणून. हिवराळला ते उलट वाटत असणार. त्याच रात्री मी पहिल्या भागापासून दुरुस्ती सुरू केली. पाणक्याचं नाव सिद्राम. सरनौबत त्याला पहिल्याच भेटीत नाव विचारतो, दोनदा म्हणून बघतो, आणि म्हणतो, “सिद्राम, आपण जरा जवळ या.”