एएलएलच्या मुलांमधला एव्हीएन: एक्स-रे, एमआरआय करताना या चुका टाळा

एएलएल म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), आणि एव्हीएन म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाडाचा भाग मरणं. सगळ्यात डोक्यात जाणारी चूक आधी सांगतो. पोरगं गुडघा दुखतो म्हणालं म्हणून फक्त गुडघाच बघायचा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं हे एमबीबीएसला सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण रिक्वेस्ट फॉर्मवर "एमआरआय गुडघा, उजवा" एवढंच. एएलएलमधे डेक्सा किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडं भरपूर जातात, वर अ‍ॅस्परजिनेज हे केमोचं औषध, आणि पेशंट दहा वर्षांच्या पुढचा असेल तर धोका लहानग्यांपेक्षा बराच जास्त. अशा पोराचं एक हाड मेलं असेल तर बऱ्याचदा दुसरीकडेही असतंच.

एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आला होता, मेंटेनन्स (केमोचा शेवटचा लांब टप्पा) चालू, लंगडत होता. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल, मग कॅल्शियम, मग "केमोचा अशक्तपणा आहे हो", मग परत एक्स-रे, परत नॉर्मल, आणि शेवटी गुडघ्याचा एमआरआय. वडील सहज बोलून गेले, "डॉक्टर, मोजे घालायला पाय वाकवला की ओरडतो." आता मोजे घालताना गुडघ्यापेक्षा खुबा जास्त फिरतो. गुडघ्यात काहीच नव्हतं, म्हणून टेबलवरून उतरवायच्या आधी दोन्ही खुब्यांचे कोरोनल (समोरून दिसणारे) टी-वन आणि स्टर हे एमआरआयचे सिक्वेन्स घेतले. उजव्या फीमर हेडचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खुब्यातल्या गोळ्याचा, वरचा भाग बसायला (खचायला) लागला होता, आणि डाव्या बाजूला, जिथे त्याला काहीच दुखत नव्हतं, तिथेही डाग. आधीच खुबा बघितला असता तर वजन टाकू नको एवढं तरी वेळेत सांगता आलं असतं.

त्यामुळे माझी सवय अशी की फॉर्मवर काहीही लिहिलेलं असो, स्टिरॉइड घेतलेल्या मुलाचा पाय दुखतोय म्हटल्यावर दोन्ही खुबे एका फ्रेममधे घ्यायचेच. थोडीच मिनिटं लागतात. "लिस्ट मोठी आहे सर" म्हणणाऱ्या रेसिडेंटला मी त्याच मुलाचे फोटो दाखवतो.

एक्स-रे नॉर्मल म्हणजे हाड ठीक, असं नाही. सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही, आणि सांध्याच्या पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो. तरी एक्स-रे काढायचाच, पण फ्रॉग लॅटरलसकट (बेडकासारखे पाय फाकवून घेतलेला फोटो), कारण ती रेघ नुसत्या समोरच्या फोटोत लपते.

कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध): निदानासाठी रूटीनला लागत नाही, पोराला उगाच टोचू नका.

हललेला स्कॅन: रिपोर्ट करू नका, परत घ्या.

दुसरी माझी आवडती चूक रिपोर्टमधली. दोन टोकं असतात. एक, हाडाच्या मज्जेत काहीही काळं दिसलं की "रिलॅप्सची शक्यता" (म्हणजे ल्युकेमिया परत आला) लिहून आईबापांची झोप उडवायची. एव्हीएनच्या डागाला टी-वनवर वेडीवाकडी काळी किनार असते आणि आत बऱ्याचदा चरबीचा पांढरेपणा टिकून असतो. ल्युकेमिया मज्जेत पसरतो तेव्हा सगळं सरसकट काळं पडतं, किनार नसते. जीसीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) चालू असेल तरी मज्जा बदलते, म्हणून औषधांची यादी आधी मागवा. वाचायचा कंटाळा असेल तर निदान विचारा तरी.

दुसरं टोक म्हणजे "एव्हीएन दिसतो, क्लिनिकली कोरिलेट करा" एवढ्यावर सही. अरे, कुठे? मांडीच्या हाडाच्या मधल्या दांड्यातला इन्फार्क्ट (मेलेला भाग) सहसा तसाच पडून राहतो, सांध्याच्या पृष्ठभागाला टेकलेला डाग मात्र सांधा बसवू शकतो. फीमर हेडचा 30 टक्क्यांहून जास्त भाग गेला असेल तर तो बसायची भीती बरीच वाढते, म्हणून टक्का अंदाजे का होईना लिहा, बाजू लिहा, पृष्ठभाग गोल आहे की चपटा झालाय ते लिहा. ऑन्कोलॉजिस्ट तुमच्या त्या एका ओळीवरून स्टिरॉइडचं ठरवणार असतो, आणि ल्युकेमियात स्टिरॉइड कमी करणं ही काही साधी गोष्ट नाही. सीसीजी-1961 या एएलएलच्या ट्रायलमधे दहा वर्षांपुढच्या मुलांना डेक्सा सलग न देता मधे आठवड्याची गॅप ठेवून दिला तेव्हा एव्हीएन कमी झाला, पण तो प्रोटोकॉलचा निर्णय. रिपोर्टमधे "स्टिरॉइड बंद करावे" लिहिणारेही बघितलेत मी, ते आपलं काम नाही.

फॉलोअपला दरवेळी तेच सिक्वेन्स, तेच कट घ्या, नाहीतर डाग वाढला की फक्त अँगल बदलला हे कळायचं कसं? आणि जुनी सीडी आणायला अपॉइंटमेंट देतानाच सांगा, स्कॅनच्या दिवशी सगळ्यांचीच ती गावाला राहिलेली असते.