रोजनिशीत स्वतःची ओळख कशी करून द्यावी, आणि चुकांविषयी कसं लिहावं

नव्या वहीचं पहिलं पान सगळ्यात जास्त छळतं. बरेच जण तिथे संकल्प लिहितात आणि आठवड्याभरात वही कपाटात जाते. संकल्पाऐवजी आपली ओळख लिहा. दहा वर्षांनी वही उघडाल तेव्हा आजचे तुम्ही तुम्हालाच परके वाटाल, ओळख त्या वाचकासाठी.

नाव, शिक्षण, हुद्दा नको. तो बायोडेटा झाला. लंडनमधल्या सॅम्युअल पीप्स या सरकारी कारकुनाने १ जानेवारी १६६० रोजी रोजनिशी सुरू केली ती कशी, पाहा: तब्येत उत्तम, जुनं दुखणं आता जाणवत नाही, घरात मी, बायको आणि कामवाली, एवढेच, लोक मला श्रीमंत समजतात, पण खरं तर मी फार गरीब आहे. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. तब्येत, घर, पैसा, आणि लोकांना वाटतं ते व असतं ते यांतलं अंतर. याच क्रमाने चार-पाच ओळी लिहा. त्यात एक भर घाला: सध्या कोणाशी बोलणं बंद आहे?

चुकांकडे लगेच वळू नका. आठवडाभर साध्या नोंदी करा, हात सैल होऊ द्या. मग एक चूक निवडा, आणि ती आयुष्यातली सर्वांत मोठी नको. रागाच्या भरात सोडलेली नोकरी, उसने पैसे परत द्यायचे म्हणून टाळलेला मित्र, असं काहीतरी मधलं.

पान उभं दुमडा. डावीकडे घडलं ते: कधी, कुठे, कोण काय म्हणालं. ‘मी मूर्ख होतो’ हा निकाल आहे, घटना नव्हे. तो इथे नको. उजवीकडे लिहा, त्या वेळी मला काय माहीत होतं. खरी मेहनत इथेच. समजा, धंद्यातल्या भागीदाराने फसवलं. तो फसवणार हे दिसतच होतं, असं आज वाटतं. पण ती पश्चातबुद्धी. तेव्हा एवढंच माहीत होतं की हिशेब दोनदा मागितला आणि दोन्ही वेळा विषय बदलला गेला. मग चूक विश्वास ठेवण्यात नव्हती, तिसऱ्यांदा न विचारण्यात होती. पुढच्या वेळी उपयोगी पडेल ते एवढंच.

आता लिहिलेलं वाचा आणि कर्ता शोधा. कर्त्याला गायब करण्याची मराठीत फार चांगली सोय आहे. कप फुटतो, भांडण होतं, पैसे जातात, फोन करायचा राहून जातो. कोणी काही केलेलंच नसतं! अशा प्रत्येक वाक्यात ‘मी’ घालून ते पुन्हा लिहा. ‘फोन करायचा राहून गेला’ ऐवजी ‘मी फोन केला नाही’. हात अडखळेल त्या वाक्याखाली रेघ मारा. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करा.

शेवटी, तेव्हा काय वाटलं आणि आता काय वाटतंय, तेही लिहा. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानसशास्त्राचे संशोधक जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या घटनांवर लिहायला लावलं. हकिकत आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचं मन लिहिल्यावर लगेच जडच झालं, पण पुढच्या ६ महिन्यांत त्यांना इतरांपेक्षा दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. म्हणून वही मिटल्यावर उदास वाटलं तर बिचकू नका. मात्र एकाच चुकीवर चार दिवसांहून जास्त बसू नका, तिथून पुढे नुसतं उगाळणं सुरू होतं. झोप उडत असेल तर लिहिणं थांबवून कोणाशी तरी प्रत्यक्ष बोला, गरज पडली तर समुपदेशकाशी.

वही कोणाच्या हाती लागेल ही धास्ती असेल, तर माणसांची नावं आद्याक्षरांनी लिहा. पीप्स तर बहुतेक सगळं लघुलिपीत लिहायचा. पानं मात्र फाडू नका. सहा महिन्यांनी ओळखीचं पान उघडा, वेगळ्या शाईने तारीख घाला आणि जे आता खरं राहिलेलं नाही त्याच्यापुढे खूण करा.