नदीतले गोटे मोजताना या चुका टाळा

पावसाळा सरला की भूगोलाची मुलं प्रकल्पासाठी रायगड जिल्ह्यातल्या सावित्री नदीच्या पात्रात उतरतात आणि दर वर्षी त्याच चुका वहीत भरून आणतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे नजरेत भरेल तो गोटा उचलणं. एका वर्षी एका गटाने वरच्या अंगाला पोलादपूरला शंभर आणि खाली महाडजवळ शंभर गोटे मोजले. निष्कर्ष काय, तर नदी खाली येते तसे गोटे मोठे आणि धारदार होतात! एरवी ते लहान आणि गोल होत जातात. मी त्यांना घेऊन पुन्हा महाडजवळच्या त्याच जागी गेलो. काठावर पुलाच्या कामाची फोडलेली खडी पडली होती. जीपमधून उतरून पहिल्या वीस पावलांत त्यांनी मोजणी उरकली होती. नदीने आणलेल्या बेसाल्टच्या कडा आपटून, घासून गेलेल्या असतात. दगडाची फूट ताजी दिसली की आधी आजूबाजूला बघा: दरड कोसळली आहे, ओढा आला आहे, की डंपर रिकामा झाला आहे?

गोटे निवडायला मी अमेरिकन नदी-अभ्यासक वोलमनची १९५४ची पद्धत वापरतो. एक पाऊल टाकायचं, नजर वळवायची, बुटाच्या टोकाशी बोटाला पहिला लागेल तो गोटा उचलायचा आणि त्याचा मधला व्यास (सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड बाजूंच्या मधला) मोजायचा. असे शंभर. "सर, तीस पुरेत ना?" नाही पुरत. दोन तास लागतात, ते द्यायचेच.

वर गोटेच दिसले म्हणून 'इथे वाळू नाही' असं लिहू नका. वरची बारीक वाळू ओसरतं पाणी घेऊन जातं. खालची गोट्यांच्या आड टिकते. एक गोटा उचलून पाहा.

'कण जितका बारीक, तितका लवकर उचलला जातो' हेही चूक. स्वीडनच्या युल्स्ट्रॉमने १९३५मध्ये दाखवलं की सगळ्यात आधी सुटते ती वाळू. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बसतात, त्यांना सोडवायला पाण्याला जास्त वेग लागतो. पण एकदा सुटले की संथ पाण्यातही तरंगत राहतात. जुलै २०२१च्या पुरानंतर महाडच्या घराघरांत चिखल साचला तो यामुळेच: पाणी थांबलं, तिथे माती बसली.

मेमधली धार पाहून नदीच्या ताकदीचा अंदाज बांधू नका. वर्षाचं बहुतेक काम पुराचे मोजके दिवस करतात. वळणाच्या आतल्या काठावर गाळ साचतो, बाहेरचा काठ कापला जातो. नमुना कुठला ते लिहा. गोटे एकाएकी मोठे झाले तर उपनदीचं तोंड शोधा.

महाडच्या खाली, खाडीकडे, दासगावच्या पुढे भरतीची वेळ पाहूनच उतरा. तिथे खारं पाणी लागताच मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात, म्हणून तिथला चिखल नुसत्या वेगाच्या हिशेबात बसवू नका.