आठवड्याचा कचरा चादरीवर मांडून फोटो कसा काढायचा

वापरा आणि फेका या विषयावर फोटो काढायचे म्हटलं की बरेच जण थेट डम्पिंग ग्राउंड गाठतात, देवनारचा डोंगर, वर घारी, कचरा वेचणारी एखादी बाई, झाला फोटो. मला हे अजिबात पटत नाही. तो डोंगर तिने केलेला नाहीये, आपण केलाय, आणि फोटोत मात्र तीच दिसते, आपण कुठेच नाही. म्हणून सुरुवात स्वतःच्या घरातनं करा.

ग्रेग सेगल या अमेरिकन फोटोग्राफरने 2014 मध्ये हेच केलं होतं, लोकांना सात दिवसांचा कचरा साठवायला सांगितला आणि त्यांना त्यातच झोपवून वरून फोटो काढले, स्वतःच्या कुटुंबाचासुद्धा काढला. आपल्याला झोपायची गरज नाही, एक पांढरी चादर पुरते.

सात दिवस सुका कचरा बाहेर जाऊ द्यायचा नाही. दुधाच्या पिशव्या, पार्सलचे डबे, सॉसच्या पुड्या सगळं धुवून वाळवून ठेवायचं, नाहीतर तिसऱ्या दिवशी वास सुटतो आणि घरातलंच कुणीतरी उचलून टाकून देतं, माझा पहिला आठवडा असाच गेला. आणि फोटोसाठी म्हणून मुद्दाम जास्त मागवू नका किंवा हात आखडता घेऊ नका, रोजचं जसं आहे तसंच चालू दे.

आठव्या दिवशी सगळं घेऊन भंगारवाल्याकडे जा, ही पायरी गाळू नका. तो पुठ्ठा घेईल, बाटल्या घेईल, दुधाच्या पिशव्या बहुतेक घेईल, पण वेफर्सची पाकिटं आणि चहाचे कागदी कप बाजूला सारेल, कारण पाकिटात प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, ते वेगळं करणं परवडत नाही. त्याने नाकारलं ते एका पिशवीत भरा. तुमचा खरा फोटो त्या पिशवीत आहे.

आता मांडणी. सकाळी खिडकीजवळ चादर अंथरा, ट्यूब बंद करा नाहीतर रंग विचित्र येतात, फ्लॅश तर नकोच, चकचकीत पाकिटांवर पांढरे डाग पडतात. ऊन थेट येत असेल तर खिडकीला पातळ पांढरी ओढणी लावा. स्टुलावर उभं राहून फोन जमिनीला समांतर धरा, कॅमेऱ्यातलं ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा, चालू ठेवा, झूम करू नका. पांढऱ्या चादरीमुळे फोन फोटो काळपट काढतो, म्हणून स्क्रीनवर टॅप करून उजेड थोडा वाढवा. वस्तू ढिगात टाकू नका, एकसारख्या वस्तूंच्या रांगा लावा, ढिगाला लोक कचरा म्हणून पुढे सरकवतात पण रांग दिसली की आपोआप मोजायला लागतात.

एक जवळचा फोटो नक्की काढा. आमच्याकडे रोज दोन पिशव्या दूध लागतं, म्हणजे आठवड्याला कात्रीने कापलेले 14 कोपरे. नखाएवढे त्रिकोण, पिशवी भंगारात जाते पण हे सिंकमधून नाहीतर केरातून निघून जातात. मी ते काळ्या तव्यावर ओळीने ठेवले, बाजूने उजेड घेतला, तेव्हा प्रत्येकाच्या आतल्या कडेला सुकलेल्या दुधाची पांढरी रेघ दिसली. माझ्या सगळ्या फोटोंत लोक याच्यापाशीच थांबतात.

एडिटिंगमध्ये काही वाढवू नका, पुसू नका, बाहेरून आणून ठेवू नका. क्रिस जॉर्डन या अमेरिकन फोटोग्राफरने 2009 मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या मेलेल्या पिल्लांच्या पोटातलं प्लास्टिक टिपलं तेव्हा एक तुकडासुद्धा जागचा हलवला नव्हता, म्हणूनच ते फोटो बघताना पोटात कालवतं. तुमची चादर मांडलेली असणारच, पण त्यावरचं सगळं तुमच्याच घरातलं हवं.

कॅप्शन छोटं ठेवा, तारखा, घरात माणसं किती, वस्तू किती, बस. "पृथ्वी वाचवा" वगैरे लिहू नका, लोक वाचून पुढे जातात. उलट "12 ते 18, चार माणसं, 23 पाकिटं" असं दिसलं की बघणारा मनात स्वतःच्या घरचा हिशोब मांडतो.

आणि कचरा नेणाऱ्या ताईंचा फोटो घ्यायचाच असेल तर आधी विचारा, काढलेला दाखवा, नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोर डिलीट करा. आमच्याकडच्या ताईंनी स्वतःचा फोटो नको म्हणून सांगितलं, पण कोपऱ्यांचा बघितला आणि म्हणाल्या, कात्री अर्धवटच चालवा, कोपरा पिशवीला लटकू दे, मग सगळं एकत्र जातं. आता आमच्याकडे तसंच कापतात.